नाताळची भेट आणि वाट पाहणे

नाताळ आला की ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपाशी गर्दी होते आणि दुकानांतून भेटवस्तू ओसंडतात. पण नाताळआधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक 'आगमनकाळ' म्हणून पाळतात. भेटीआधी वाट पाहायची, असा त्याचा अर्थ.

मराठीचा शिक्षक म्हणून मला यावेळी फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या भागात. सबंध पहिला भाग तारणाऱ्याच्या प्रतीक्षेचा!

पुढे ग्रंथाच्याच वाट्याला प्रतीक्षा आली. १६५४ नंतर तो छापला गेला नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडण्याचा हुकूम काढला. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मात्र भाविकांनी हातांनी नकला उतरवून ठेवल्या होत्या. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. मध्ये अडीचशे वर्षे गेली.

नकला करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते पुन्हा छापलेले पुस्तक पाहायला मिळाले नसावे. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. वाचकहो, आशा म्हणतात ती हीच असावी. आपल्या हाती आलेली भेट, आपण कधी पाहणार नाही अशा माणसासाठी जपून ठेवणे.