रोखा कुठे आहे?

विषय दिलाय 'इंटरनेटवरचा व्यापार आणि पैशाचे व्यवहार : सुरुवातीचा काळ'. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तोवर आमची पन्नाशी जवळ आली होती. पण यवतमाळच्या माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाही, म्हणून उभे राहिलो.

१८७० साली समुद्राखालची तार मुंबईला येऊन पोचली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधला गेला. माल बैलगाडीने जायचा, पुढे मूर्तिजापूरच्या शकुंतलेने जायला लागला, आणि भाव मात्र मालाच्या कितीतरी आधी धावायचा. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते आणि बंद आकडे तारेने येत, त्यांवर सट्टा लागे. मटका जन्मला तो त्यातूनच. (हसू नका, आपल्या पऱ्हाटीचं हे एक दूरचं नातवंड आहे.) म्हणजे वस्तू एकीकडे, तिचा आकडा दुसरीकडे आणि पैसे तिसरीकडे, हा खेळ इंटरनेटने आणलेला नाही. हुंडीतही तेच होतं. पण शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या माणसालाच मिळत. आकड्याच्या मागे एक चेहरा होता.

आता १९९० नंतरचं बघू. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावरचे सौदे सुरू झाले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य माणसाला खुलं केलं. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला आणि शेअरचा कागद जाऊन खात्यावरची नोंद आली, त्यालाच आपण डीमॅट म्हणतो. जानेवारी २००० मध्ये सेबीने इंटरनेटवरून शेअर घ्यायला-विकायला परवानगी दिली, आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. रेल्वेचं तिकीट घरबसल्या मिळू लागलं २००२ च्या ऑगस्टात, तेही कागदी, कुरियरने येणारं. आमचा मुलगा पुण्याहून तिकीट काढायचा आणि आम्ही इकडे कुरियरवाल्याची वाट बघायचो. सात-आठ वर्षांत एवढं सगळं झालं, त्यामुळे लोकांची मती गुंग झाली होती. नावापुढे 'डॉट कॉम' लागलं की माणूस हुशार, असं चाललं होतं. २००० साली अमेरिकेत तो फुगा फुटला तरी आपल्याकडे जाहिराती थांबल्या नव्हत्या.

त्याच दिवसांत वाशीहून एक कंपनी पुढे आली, होम ट्रेड. शेअर, रोखे, सगळे पैशाचे व्यवहार इंटरनेटवर करून देऊ म्हणणारी. टीव्हीवर तिच्या जाहिरातीत क्रिकेटमधले आणि सिनेमातले सगळ्यात मोठे चेहरे. इथे जरा थांबू या, कारण हे प्रकरण आपल्या शेजारी घडलं.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पीककर्ज तिथूनच. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात चुकारा निघाला की कर्ज आधी कापून जायचं, तेही तिथेच. अशा बँकेला ठेवींचा काही भाग सुरक्षित ठिकाणी ठेवावा लागतो, आणि सरकारी रोख्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. नागपूर जिल्हा बँकेने २००१-०२ मध्ये होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत असे रोखे घेतले. म्हणजे घेतले असं कागदावर होतं. पैसे दिले, बदल्यात सौद्याची चिठ्ठी मिळाली आणि रोखे आलेच नाहीत. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्यात सापडल्या. एप्रिल २००२ मध्ये पोलिसांत तक्रारी झाल्या. एकट्या नागपूर बँकेचा आकडा दीडशे कोटींच्या घरात सांगितला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अपील झालं.

यातली गंमत बघा, जर गंमत म्हणता येत असेल तर. तेव्हा लोक म्हणायचे, 'कॉम्प्युटरवर पैसे ठेवू नका बुवा, उडून जातील.' पैसे उडाले ते जुन्या, टाइप केलेल्या, सहीशिक्क्याच्या कागदावर! इंटरनेट होतं ते जाहिरातीत. आणि उपाय कुठून आला? मे २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, सरकारी रोखे आता फक्त खात्यावरच्या नोंदीच्या रूपात ठेवायचे. ज्या कॉम्प्युटरला आम्ही घाबरत होतो तोच पहारेकरी झाला. कागदाला आपण पुरावा समजत आलो. खरं तर चिठ्ठी पुरावा होता तो आश्वासनाचा. वस्तूचा नव्हे. हा फरक आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तो ओळखता आला नाही.

तेही सांगून टाकतो. त्याच सुमारास आमच्या पगारदारांच्या एका छोट्या पतसंस्थेकडे एक दलाल आला होता. कोणाचा, ते नाव घेत नाही. चकचकीत पुस्तिका, त्यात वेबसाइटचा पत्ता, आणि बँकेपेक्षा दीड टक्का जास्त. आम्ही संचालक होतो. बहुतेकांनी मान डोलावली, आम्हीही. एवढंच नाही, 'काळाबरोबर चालावं लागतं' असं एक छोटेखानी भाषणही ठोकलं. कोपऱ्यात लेखापाल बसले होते, मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आधी जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. ते एवढंच म्हणाले, "सर, पैसे इकडून गेल्यावर रोखा कुठे राहणार? आपल्या तिजोरीत का त्यांच्या?" दलाल म्हणाला, आमच्याकडे सुरक्षित राहील. लेखापालांनी चष्मा काढला. "जिनिंगमधी गाठी मोजल्याशिवाय पावती नव्हतो फाडत आम्ही." ठराव पुढच्या सभेवर गेला आणि पुढच्या सभेपर्यंत पेपरात बातमी आली.

शेजारच्या जिल्ह्यांत असा लेखापाल नव्हता असं कसं म्हणायचं? असेलही, आणि त्याला गप्प बसवलं असेल. पुढे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर आणि वर्धा जिल्हा बँकांचे परवान्याचे अर्ज नाकारले. कारण हे एकच नव्हतं, थकबाकी होती, बाकीही बरंच होतं. पण पेरणीच्या तोंडावर जिल्हा बँकेचं दार बंद झालं की शेतकरी कोणाच्या दारात जातो, ते या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. तिथे व्याज महिन्याला शेकड्यावर ठरतं.

आमचे लेखापाल आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाने फोनवर पैसे पाठवायला शिकवलंय, भाजीवाल्याला तसेच देतात. पण समोरच्याच्या फोनवर आवाज वाजेपर्यंत पिशवी उचलत नाहीत.