पाचशे मीटरचं पत्र

मामाचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात दुपारी पुळणीवरून अनवाणी पळत यायचं आणि पडवीत ओल्या सारवणावर तळपाय टेकून बसायचं, हा आमचा लहानपणीचा उद्योग. १९९८ साली मामाने त्या पडवीला जोडून एक खोली काढायचं ठरवलं. अर्ज केला. दोन वर्षं खेटे घातल्यावर उत्तर आलं, जागा भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे, असलेलं घर दुरुस्त करा, जोतं वाढवता येणार नाही. मामा म्हणाला, "समुद्राला माझी अडचण होते असं सरकारचं म्हणणं आहे. समुद्र स्वतः काही बोलला नाही."

तेव्हा आम्ही हसलो होतो. परवा जुने कागद चाळताना ते उत्तर पुन्हा हाती आलं आणि वाटलं, ही दोनशे मीटरची भानगड मुळात आली कुठून ते एकदा नीट बघावं.

ती आली एका पत्रातून. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की किनारे बिघडत चालले आहेत, तेव्हा मोठ्या भरतीच्या पाण्यापासून निदान पाचशे मीटरपर्यंत बांधकामं होऊ देऊ नका. बाईंना या विषयाची खरी आवड होती असं मला वाटतं. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेला यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर सरकारप्रमुख म्हणून त्या एकट्याच गेल्या होत्या. (आणीबाणीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण तो विषय आज नको.) तरी पत्र ते पत्रच. १९८३ मध्ये त्यावरून मार्गदर्शक तत्त्वं निघाली. मार्गदर्शक म्हणजे पाळली तर पाळली!

कायद्याचं बळ यायला भोपाळ घडावं लागलं. १९८४ च्या त्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधाराने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली. पाचशे मीटर कायम राहिले, पण त्यांचे वाटे पडले. आमच्यासारख्या खेड्यांत पहिले दोनशे मीटर 'ना विकास क्षेत्र', पुढच्या तीनशेत अटी घालून घरं. मुंबईसारख्या भरवस्तीत, आधीच्या रस्त्याच्या किंवा इमारतींच्या समुद्राकडच्या बाजूला नवं काही नाही, आणि चटईक्षेत्र त्या दिवशी जे होतं तिथेच गोठलेलं.

राज्यांनी वर्षभरात किनाऱ्याचे आराखडे करायचे होते. वर्ष गेलं, पाच गेली. मधल्या काळात, १९९४ मध्ये, केंद्राने नियमात बदल करून दोनशे मीटरच्या आतही स्वतःच्या मर्जीने सूट देण्याचा अधिकार घेऊन ठेवला. एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि राज्यांना आराखड्यांवरून खडसावलं. म्हणजे सरकारने दिलेला शब्द सरकारकडूनच पाळून घ्यायला न्यायालयात जावं लागलं. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली तोवर जुनीत वीस-पंचवीस दुरुस्त्या झाल्या होत्या.

२०११ च्या अधिसूचनेत मात्र एक गोष्ट मनापासून आवडावी अशी होती. तिच्यात 'धोका रेषा' आली. भरतीरेषा सांगते पाणी आज कुठवर येतं. धोका रेषेने सांगायचं होतं की ते पुढे कुठवर येऊ शकेल : पूर, किनाऱ्याची धूप आणि समुद्राची वाढती पातळी, सगळं धरून. तापमानवाढीचा हिशेब किनाऱ्याच्या नकाशावर उतरायची ही संधी होती. रेषा आखायचं काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे गेलं.

आणि मग १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना. धोका रेषा तिच्यात आहे, पण आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाचं साधन म्हणून. बांधायचं की नाही हे ठरवणार भरतीरेषाच. मुंबईतलं गोठलेलं चटईक्षेत्र मोकळं झालं. पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सोयी भरतीरेषेपासून दहा मीटरवर चालतील. आणि ज्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहतात, तिथे दोनशेचे पन्नास मीटर, म्हणजे जिथे जास्त जीव तिथे समुद्र जास्त जवळ. दाट वस्तीतल्या कोळीवाड्यांना घरं वाढवायला जागा हवी हे खरंच आहे, मामाच्या खोलीवरून मला ते चांगलं कळतं. पण त्यासाठी रेषाच समुद्राकडे सरकवायची, हे काही मला पटलेलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या गावाचे दोनशे मीटर शाबूत राहिले. २१६१ माणसं आणायची कुठून? अर्धं गाव मुंबईला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मामाच्या वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, जुनी पडवी बसली. घर राहिलं. त्याच वर्षाअखेरीला केंद्राने पुन्हा एक मार्ग खुला केला नाही ना, असं मामेभावाने फोनवर विचारलं, कारण पडवी नव्याने बांधायची तर खोलीही उरकून घ्यावी असा त्याचा विचार होता. मी म्हटलं, जोतं तेवढंच ठेव.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा पावलांनी अंतर मोजलं. वाडीच्या कुंपणापासून उधाणाच्या ओल्या खुणेपर्यंत एकशे चाळीस पावलं भरली. मामा झोपाळ्यावरून बघत होता. म्हणाला, "माझ्या लग्नात मोजली असतीस तर मध्ये सुरूच्या दोन रांगा लागल्या असत्या." त्या रांगांतला एक बुंधा अजून आहे. ओहोटीला दिसतो.