शालान्त निकालाचे वितरण : शाळेपासून आशय वितरण जाळ्यापर्यंत

प्रस्तावना : पुणे-पौड रस्त्यावरील भूगाव (ता. मुळशी) यासारख्या गावात दहावीचा निकाल ही घरोघरची घटना असते. हा निकाल विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलाचा, विशेषतः संकेतस्थळावरील कॅशिंगच्या अंगाने, प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

शाळा हेच वितरणस्थान : महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. मुख्यालय पुणे येथे असून आज त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत. आंतरजालापूर्वीच्या काळात निकाल विभागीय मंडळाकडून वितरण केंद्रावर व तेथून शाळांकडे जात असे. विद्यार्थी आपल्याच शाळेत जाई आणि शाळेजवळ तिच्यापुरत्याच गुणपत्रिका असत. त्यामुळे गर्दी हजारो ठिकाणी आपोआप विभागली जाई. पद्धत संथ खरी, परंतु सारे राज्य एकाच दाराशी कधी उभे राहिले नाही. या व्यवस्थेचे हे बलस्थान फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे.

एकाच दाराशी गर्दी : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू केली. पुढे निकाल संकेतस्थळांवर येऊ लागला आणि अंतर नाहीसे झाले. मात्र ठरलेल्या वेळी सर्वांची मागणी मोजक्या सर्व्हरांवर येऊन आदळू लागली. हा प्रश्न जगभर होता. अमेरिकेतील एमआयटीमध्ये टॉम लेटन, डॅनियल लेविन आदींनी १९९७ मध्ये ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही पद्धत मांडली. पानांच्या प्रती अनेक सर्व्हरांवर वाटाव्यात आणि एखादा सर्व्हर बंद पडला तरी मोजक्याच प्रतींची जागा बदलावी, असे तिचे स्वरूप होय. तिच्या आधारे १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी स्थापन झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात लेविन मारला गेला. त्याच दिवशी वृत्तसंस्थांची संकेतस्थळे वाचकांच्या गर्दीने कोलमडत होती.

आशय वितरण जाळे, अर्थात सीडीएन, पानाची प्रत वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवते. प्रत किती काळ ग्राह्य मानावी हे मूळ सर्व्हर ‘कॅशे-कंट्रोल’ या सूचनेने सांगतो; ही सूचना १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकात आली. एकाच पानासाठी एकाच वेळी आलेल्या मागण्या एकत्र करून मूळ सर्व्हरकडे एकच मागणी पाठविण्याची सोयही अशा जाळ्यांत असते.

निकालाचे वेगळेपण : १६ जुलै २०२१ रोजी, परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर झाला. विद्यार्थी पंधरा लाखांहून अधिक होते. संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. केवळ गर्दीला दोष देऊन येथे भागत नाही. जाहीर झालेला निकाल क्षणोक्षणी बदलत नाही, म्हणजे तो कॅशिंगला अत्यंत अनुकूल असा मजकूर होय. दर मागणीला विदागार धुंडाळण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याचे पान आधीच तयार करून जाळ्यात ठेवता येते.

धोका दुसरीकडे आहे. निकाल पाहण्यासाठी आसन क्रमांक व आईचे नाव भरावे लागते. प्रत ओळखण्याच्या खुणेत या दोन्ही बाबी नसतील, तर एकाचे गुण दुसऱ्यास दिसतील. आईचे नाव गाळले, तर केवळ क्रमांकावरून कोणाचाही निकाल उघडेल. शिवाय नाव उघड स्वरूपात पत्त्यात लिहिले, तर ते सर्व्हरांच्या नोंदींत उरते. म्हणून त्याचे सांकेतिक रूपच वापरणे इष्ट. गुणपडताळणीत गुण बदलल्यास तेवढीच प्रत जाळ्यातून त्वरित काढावी लागते. पडद्यावरील निकाल हा तात्पुरताच. मूळ गुणपत्रिका विद्यार्थ्यास आजही शाळेतूनच मिळते.