प्रदर्शनाच्या फॉर्मवर ‘हौशी’ असा रकाना नसतो

घोटीहून गोरेगावला लाकूडकामाचं प्रदर्शन बघायला जायचं म्हणजे अंधारात उठायचं, कसाऱ्यापर्यंत जीप, तिथून लोकल, दादरला गाडी बदलायची. एवढं करून पोचलो तर नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, “सर, कंपनी?” म्हटलं, कंपनी नाही, आवड आहे. तिच्या स्क्रीनवर उत्पादक, विक्रेता, आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, विद्यार्थी एवढेच पर्याय होते. आवडीचा रकाना नव्हता. शेवटी ‘विद्यार्थी’वर खूण झाली. ते खोटं नव्हतं, पण त्या दिवशी मी विद्यार्थी म्हणून गेलो नव्हतो. घरामागच्या पडवीत मी स्टुलं आणि चौरंग करतो, बरेचसे डुगडुगतात, आणि चांगलं काम कसं होतं ते जवळून बघायला मला मनापासून आवडतं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या तयारीत असतील, प्रस्ताव लिहीत असतील. म्हणून हा रकान्याचा किस्सा सांगतोय. त्याने माझं एक प्रकरण वाचवलं.

आधी प्रदर्शनाबद्दल. नव्वद टक्के जागा यंत्रांनी व्यापलेली. संगणकावर चालणारे राउटर, प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणारी लांबलचक यंत्रं, लॅमिनेटच्या भिंतीच्या भिंती. मला त्यातलं काही घ्यायचं नव्हतं, आणि हौशी माणसाची चैन हीच. विक्रेत्याला दोन मिनिटांत कळतं की हा गिऱ्हाईक नाही, मग तो आपल्याला सोडून देतो आणि आपण हवं तिथे हवं तितका वेळ उभे राहतो. मी पाऊण तास एका कोपऱ्यात उभा होतो. तिथे एक जण हाताने कुसू आणि खाच करून दाखवत होता. सागवानाच्या भुशाचा तो जरासा तेलकट वास, रंध्यातून निघणाऱ्या कागदासारख्या साली, आणि भोवती अनोळखी माणसांचं कोंडाळं. सांधा बसला की सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘हं’ निघायचा.

माझ्या शेजारी एक वयस्क सुतार होते. हात बघूनच कळत होतं. ते हळूच म्हणाले, “आवाज ऐक. पटाशीची धार उतरलीय.” खरंच, ठोका बोदा येत होता. मी इतका वेळ डोळ्यांनी बघत होतो, ते कानांनी. त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव मात्र दुसऱ्याचंच होतं, त्यांच्या फर्निचरवाल्या मालकाचं. मालकाला जमलं नाही म्हणून त्याने यांना पाठवलं होतं. म्हणजे त्या दिवशीच्या नोंदीत एक दुकानदार आला आणि एक विद्यार्थी आला. सुतार आला नाही, हौशी आला नाही.

परतीच्या लोकलमध्ये मला माझा तक्ता आठवला आणि घाम फुटला.

माझं काम एकोणिसाव्या शतकातली औद्योगिक प्रदर्शनं आणि पश्चिम भारतातले सुतार यांवर आहे. पहिल्या वर्षी मी काय केलं, तर कॅटलॉग घेतले आणि तक्ता भरत बसलो: वस्तू, गाव, पाठवणारा, किंमत. शिसवीचं कोरीव फर्निचर भरपूर सापडलं. मुंबईचं हे काम १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनातही होतं. पण ‘पाठवणारा’ या रकान्यात व्यापारी, संस्थानिक, सरकारी अधिकारी, समित्या. सुतारांची नावं अगदी तुरळक. त्यावरून मी ठोकून दिलं की सुतारांचा प्रदर्शनांशी फारसा संबंध नव्हता. गाईडने त्या वाक्याखाली पेन्सिलीने नुसती रेघ मारली होती. ती का, ते मला कल्याण सोडल्यावर कळलं.

कॅटलॉग म्हणजे प्रदर्शन नव्हे. तो त्या टेबलावरच्या मुलीचा स्क्रीन आहे. कोण आलं हे तो सांगत नाही, कोणत्या नावाने नोंद झाली हे सांगतो.

मग प्रदर्शनात खरोखर गेलेल्या माणसांकडे कसं पोचायचं? एक वाट प्रेक्षकांची. १८५१ च्या हाइड पार्कमधल्या प्रदर्शनाला साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. मे महिन्याच्या शेवटापासून आठवड्यातले काही दिवस तिकीट एक शिलिंग झालं आणि कामगार, कारागीर रेल्वेच्या सवलतीच्या गाड्यांनी लोटले. चालू यंत्रांभोवती दाटी असायची. ते सगळे खरेदीला थोडेच आले होते?

दुसरी वाट अवघड आहे, कारण तिथे बघण्यातली मजा आंबट होते. १८८६ मध्ये लंडनला वसाहती आणि भारत यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे भारतीय कारागीर लोकांसमोर बसून काम करत. पिढीजात कारागीर म्हणून मिरवलेल्या या माणसांपैकी बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते, कसब तुरुंगात शिकलेले. सलोनी माथुर यांनी यावर लिहिलंय, जरूर वाचा. याच प्रदर्शनासाठी अधिकारी म्हणून गेलेले त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांचं प्रवासवर्णन १८८९ मध्ये आलं. आपण बघायला गेलो आणि लोक आपल्यालाच बघत राहिले, हा अनुभव त्यात थट्टेच्या सुरात येतो. गोरेगावला मी ज्याच्या हातांकडे पाऊण तास टक लावून होतो, त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न मला मुखर्जी वाचताना पडला. तिथे उभा असताना पडला नव्हता.

पण त्याच १८८६ च्या प्रदर्शनात दरबार हॉलचं लाकडी कोरीवकाम करणाऱ्या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत: पंजाबातल्या भेऱ्याचे मुहम्मद बक्श आणि मुहम्मद जुमा. म्हणजे नावं अगदीच गायब नाहीत. ती कधी परीक्षकांच्या अहवालात असतात, कधी बक्षिसांच्या यादीत. १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनाचा जॉर्ज वॉट यांचा जाडजूड ग्रंथ घ्या. सगळे जण त्यातली चित्रं बघतात. तुम्ही पुरस्कारांची यादी उघडा. मला हे दोन वर्षांनी सुचलं.

आता घोटीचं. माझ्या तक्त्यात घोटीचा सुतार येणं शक्यच नव्हतं, आणि त्याचं कारण कसबाची कमतरता हे नाही. गावचा सुतार बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गांव-गाडा’ (१९१५) वाचलंत तर ही व्यवस्था तिच्या सगळ्या कुरबुरींसकट दिसेल. नांगर, कुळव, गाडी यांची कामं वर्षभर करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. वस्तू ज्याची त्याच्या मापाची, किंमत आकड्यात नाही. कॅटलॉगचा ‘किंमत’ हा रकानाच तिथे कोरा राहतो. तसं बघितलं तर १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाल्यावर मुंबई इथून दूर नव्हती. दूर होती ती वस्तू विकायला मांडण्याची रीत.

माझ्यापुरतं सांगायचं तर घोटीचं प्रदर्शन म्हणजे शनिवारचा बाजार. लहानपणी आजोबांबरोबर जायचो. ते पाटा, पलंगाचे पाय, कुऱ्हाडीचे दांडे उचलून, उलटे करून, अंगठा फिरवून बघायचे आणि बहुतेकदा काहीच न घेता पुढे सरकायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता मीही तसंच करतो, गोरेगावला आणि दफ्तरातही. आधी वस्तू उलटी करायची.

एक हत्यार फुकट सांगतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते. रंधा, वाकस, किंकरें असे शब्द त्यात घालून बघा. मग वही घेऊन जवळच्या सुताराकडे जा आणि यातले कोणते शब्द अजून चालतात ते विचारा. माझ्या यादीतले काही शब्द एका आजोबांनी दुरुस्त केले, दोन शब्दांना ते नुसते हसले. ते का हसले हे मी अजून विचारलेलं नाही. येत्या शनिवारी बाजारात भेटतील.