सिम्युलेटरने पक्की केलेली चूक

सिम्युलेटर खऱ्या कंट्रोल रूमशी जितका हुबेहूब, तितका त्यावर घडलेला ऑपरेटर भरवशाचा, हे मत वीजकेंद्रांच्या क्षेत्रात आता जवळजवळ निर्विवाद मानले जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ हमखास पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राचा दाखला येतो. २८ मार्च १९७९ रोजी तिथले ऑपरेटर गोंधळले, सिम्युलेटरवर नीट सराव असता तर गोंधळले नसते, असा तो युक्तिवाद. माझ्या मते हाच दाखला या मताच्या विरुद्ध जातो.

त्या पहाटे चारच्या सुमारास बाष्पजनित्रांना पाणी पुरवणारे पंप थांबले. अणुभट्टीतला दाब वाढला, तो सोडणारा व्हॉल्व्ह उघडला, आणि पुन्हा मिटायच्या वेळी अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. तो दिवा व्हॉल्व्ह मिटण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. आता प्रेशरायझरच्या, म्हणजे परिपथातला दाब राखणाऱ्या टाकीच्या, माथ्यावरून वाफ निसटत होती, दाब उतरत होता, त्यामुळे भट्टीच्या परिपथातले पाणी उकळू लागले आणि त्या वाफेने पाणी प्रेशरायझरमध्ये ढकलले. भट्टी रिकामी होत होती आणि प्रेशरायझरच्या मापकावर पातळी चढत होती. ऑपरेटरांनी आपोआप सुरू झालेले आपत्कालीन पाणी कमी केले. व्हॉल्व्हची वाट बंद व्हायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. तोवर गाभ्याची फार मोठी हानी झाली होती.

ऑपरेटरांनी असे का केले? कारण त्यांना तसेच शिकवले होते. प्रेशरायझर गच्च भरू द्यायचा नाही, हा धडा त्यांच्या अंगवळणी पडला होता. त्यांचा सराव भट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग येथील सिम्युलेटरवर झाला होता. या अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने पुढे नोंदवले की दाब उतरत असताना पातळी चढते, ही स्थिती त्या यंत्राला दाखवताच येत नव्हती. तिथे आणखी शंभर तास घालवले असते तरी तीच चूक अधिक पक्की झाली असती.

बरे, ही स्थिती कोणाला ठाऊक नव्हती असेही नाही. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच कंपनीच्या भट्टीत, सप्टेंबर १९७७ मध्ये तसाच व्हॉल्व्ह अडकला होता आणि तिथेही पाणी कमी केले गेले होते. भट्टी अगदी कमी शक्तीवर होती, म्हणून निभावले. कंपनीतल्या एका अभियंत्याने १९७८ मध्ये लेखी इशाराही दिला, पण तो थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोहोचला नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे.

यावर उत्तर येईल की ते यंत्र जुने होते. आजचे सिम्युलेटर केंद्रागणिक बनतात. हे खरे आहे, आणि ते हवेतच. अमेरिकेने १९८७ च्या नियमांत तशी सक्ती केली ते योग्यच होते, कारण खऱ्या युनिटवर आणीबाणीचा सराव करता येत नाही. पण हुबेहूबपणा मोजला जातो तो ठाऊक असलेल्या वर्तनाशी. ११ मार्च २०११ रोजी जपानमधल्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रात वीजच गेली, पहिल्या दोन युनिटांच्या कंट्रोल रूममधले मापक मेले, आणि वाहनांच्या बॅटऱ्या जोडून आकडे वाचावे लागले. पॅनेलची नक्कल कितीही तंतोतंत असली, तरी चालू पॅनेलवर केलेला सराव अशा वेळी कितीसा कामी येणार?

म्हणून सिम्युलेटर पारखताना मी आधी विचारीन की दुसऱ्या केंद्रातली कोणती दुर्घटना त्यात अलीकडे घातली गेली, प्रतिमान कुठे फसते हे प्रशिक्षणार्थींना सांगितले जाते का, आणि प्रशिक्षक मुद्दाम खोटे बोलणारे मापक समोर ठेवतात का. परीक्षेची पद्धतही तपासावी लागेल. थ्री माइल आयलंडला निसटलेले पाणी जमा होणाऱ्या टाकीचे मापक खरे सांगत होते, पण ते मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होते. ठरलेली पावले झटपट टाकण्यालाच गुण देणाऱ्या परीक्षेत, मागे जाऊन ते मापक पाहून येणारा ऑपरेटर आजही मागे पडेल.