एळडिपट्टमची कपार



सित्तन्नवासल म्हटले की सगळ्या जणी कमळतळ्याच्या चित्राबद्दल बोलतात. तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळचे ते गुंफामंदिर सुंदरच आहे. पण त्याच टेकडीच्या पूर्वेला, कड्याच्या अंगावर एक कपार आहे, एळडिपट्टम. तिथे जायला खडकात सात खाचा कोरल्या आहेत, त्यावरून हे नाव. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला खोल उतार.

आत १७ शय्या आहेत. शय्या म्हणजे काय, तर गुळगुळीत केलेला दगड आणि उशाशी थोडा उंचवटा. आपले मुनी इथे तप करायचे. आहाराला खाली उतरायचे आणि त्याच खाचांवरून पुन्हा वर!

सर्वांत मोठ्या शय्येवर तमिळ-ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी १ल्या शतकाच्या आसपासचा. एरुमिनाडूतल्या कुमुळूरला जन्मलेल्या कावुडि ईतन यांच्यासाठी सिरुप्पाविल इळयर यांनी हे आसन करवले, एवढेच त्यात आहे. मी कॉमर्सवाली, मला ही जमाखर्चाच्या वहीतली नोंद वाटते. कोणी दिले, कोणाला, काय. रक्कम तेवढी नाही! एरुमिनाडू म्हणजे म्हैसूरकडचा मुलूख असे अभ्यासक मानतात. म्हणजे इतक्या दुरून आलेल्या त्यागींसाठी कुणीतरी दगड घासून घेतला.

पुढे सात-आठशे वर्षांनंतरही इथे मुनींची नावे कोरली गेली.

चित्रे पाहायला गेलात तर कपारीसाठी वेगळा वेळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर सोबत कोणाला तरी घ्या.