मोनोसोडियम ग्लुटामेट
ग्लुटामिक आम्लाचे हे सोडियम लवण घरोघरी ‘अजिनोमोटो’ या व्यापारी नावानेच परिचित आहे. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये टोकियोत कोंबू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळे केले. पिकल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही तेच असते, शरीर त्यांत भेद करत नाही. म्हणून त्याला विष ठरवणे अन्यायाचे आहे. चिनी उपाहारगृहातील जेवणानंतर येणाऱ्या बधिरतेविषयी १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र आले आणि संशय रुजला. नियंत्रित चाचण्यांत मात्र, अन्नासोबत घेतल्यावर, तशी लक्षणे सातत्याने आढळली नाहीत. अन्नाशिवाय सुमारे ३ ग्रॅम घेतल्यास काहींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, हे खरे. पण घरच्या सारात चिमूटभर पुरते. सोडियमचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी यात सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९. मीठ कमी करून हे घातले तर एकूण सोडियम घटते, नुसते वरून घातले तर वाढते.